क्लिपखालचा गंज

(दृश्य: रॅम्पवर चढवलेली जुनी मोटार. बॅटरीचा उजेड तळाच्या पत्र्यावरून सरकतो आहे.)

ही गाडी पन्नाशी ओलांडलेली. बंपरचं क्रोम लखलखतंय, दार लावलं की जुन्या गाड्यांचा तो भरदार आवाज येतो. आज तिचं पासिंग आहे. थोड्या वेळात तपासनीस एका कागदावर सही करतील आणि गाडी रस्त्यावर जायला मोकळी होईल. त्या कागदावर किती विसंबायचं, हे कळायला गाडीच्या खालीच यावं लागतं.

मागच्या चाकाकडे जाणारा हा ब्रेकचा पाइप पाहा. पोलादी, पेन्सिलीपेक्षाही बारीक, थोड्या थोड्या अंतरावर क्लिपांनी पत्र्याला धरलेला. क्लिप आणि पाइप यांच्यात केसाएवढी फट असते. रस्त्यावरचा चिखल, पाणी, थंड मुलखात बर्फावर टाकलेलं मीठ त्या फटीत जाऊन बसतं. बाकीचा पाइप तासाभरात वाळतो, क्लिपखालचा बोटभर भाग मात्र दिवसचे दिवस ओला राहतो. गंज धरतो तो तिथंच. तपासनिसांना सगळा पाइप दिसतो, फक्त तेवढा तुकडा दिसत नाही.

आणि क्लिप सोडून बघायची त्यांना परवानगी नसते. ब्रिटनमध्ये काय, युरोपातल्या इतर देशांत काय, तपासणीचा नियमच आहे की काहीही खोलायचं नाही. डोळ्याला दिसेल, हाताला लागेल, यंत्र मोजेल, तेवढ्यावर निकाल द्यायचा. यात तपासनिसांचा दोष काहीच नाही. उलट, खोलाखोल करून गाडी बिघडवण्याची जोखीम कुणी घेऊ नये म्हणूनच हा नियम आहे.

नव्या गाडीत एवढ्यानं आभाळ कोसळत नाही. तिथं ब्रेकच्या दोन वेगळ्या वाटा असतात. एक फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. अमेरिकेत 1968 पासून नव्या मोटारींना ही दुहेरी व्यवस्था सक्तीची झाली. त्याआधीच्या कितीतरी गाड्यांत मात्र ब्रेक ऑइलची वाट एकच. एक पाइप कुठंही फुटला, की पेडल थेट तळाला जातं आणि हाताशी उरतो फक्त हँडब्रेक. म्हणून जुन्या गाडीत हा बोटभर गंज मला रंगाच्या शंभर ओरखड्यांहून महत्त्वाचा वाटतो.

(दृश्य: मागची चाकं रोलरवर. मापकाचे दोन काटे हळूहळू वर चढतात.)

आता ब्रेकची चाचणी. रोलर चाकांना सावकाश फिरवतात, ब्रेक दाबला की प्रत्येक चाक किती जोरानं अडतंय ते मोजतात. ही चाचणी प्रामाणिक आहे. गाडी बरेच महिने उभी राहून एखादा व्हील सिलिंडर, म्हणजे चाकापाशी ब्रेक दाबणारा भाग, जाम झाला असेल, तर डाव्या-उजव्या काट्यांमधला फरक लगेच उघडा पडतो.

पण रोलरवर ब्रेक थंड असतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट 4 दर्जाचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक सांगतं. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 155 अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापत गेले, की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. रोलरवरचा आकडा मात्र त्या सकाळी अगदी बरोबर आलेला असतो.

टायरचंही तसंच. बऱ्याच देशांत नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर लागते. हौसेनं ठेवलेली गाडी वर्षाला जेमतेम काही शे किलोमीटर धावते, त्यामुळे नक्षी कोरीच राहते आणि रबर जागच्या जागी कडक होत जातं. टायरच्या कडेला चार आकडे शोधा. 2314 असेल तर तो 2014 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. तीनच आकडे दिसले, तर तो 2000 च्या आधीचा आहे. अशा टायरवर, नक्षी कितीही खोल असली तरी, मी कुणाला बसू देणार नाही.

(दृश्य: दाराखालच्या पत्र्यावर छोटी हातोडी. फक्त ठोक्यांचा आवाज.)

थोडं ऐका.

ठण. ठण. ठण... बद्द.

हातोडी तीन बोटं पुढे सरकली आणि आवाज बदलला. पहिले तीन ठोके निरोगी पत्र्यावर पडले. चौथा पडला तिथं आतून पत्रा खाल्ला गेलाय. वरून पुट्टी आणि काळ्या डांबरी लेपाचा जाड थर. हा पत्रा शोभेचा नाही. ज्या गाड्यांना वेगळी चासी नसते, त्यांचा भार दाराखालच्या याच पोकळ पेटीवर असतो. पाणी आत साचतं, गंज आतून बाहेर येतो, आणि बाहेर फुगवटा दिसेपर्यंत आतलं बरंच काम झालेलं असतं. इथं यंत्र कामाला येत नाही. सरावलेला कान आणि हात असेल तरच हे सापडतं, म्हणून एकच गाडी दोन ठिकाणी नेली तर दोन वेगळे निकाल येऊ शकतात.

ब्रिटनमध्ये अशी तपासणी 1960 साली सुरू झाली. तेव्हा ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी होती आणि ब्रेक, दिवे, स्टेअरिंग एवढंच पाहिलं जाई. मे 2018 पासून तिथं चाळीस वर्षांपुढच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. गाडी रस्त्याला लायक ठेवण्याची जबाबदारी मालकावरच आहे, स्वेच्छेनं तपासणीही करून घेता येते. जर्मनीत ऐतिहासिक गाडीचा खास नंबर मिळालेल्या मोटारीलाही दर दोन वर्षांनी तपासणीला जावंच लागतं. मला जर्मनीची वाट पटते. ज्या गाडीवर आपला जीव असतो, तिचे दोष आपल्याच डोळ्याला सगळ्यात उशिरा दिसतात. तिऱ्हाईत माणूस वर्षा-दोन वर्षांनी खालून डोकावतो, ते लाखमोलाचं असतं.

त्यानं लिहिलेले शेरे वाचले पाहिजेत, हे मात्र खरं. पास-नापास हा त्या दिवसाचा निकाल. खाली बारीक अक्षरात असतं ते पुढच्या वर्षाबद्दल असतं. या गाडीचे जुने कागद मालकांनी जपून ठेवलेत. तीन वर्षांपूर्वी: मागचा डावा ब्रेक पाइप, किंचित गंज. गेल्या वर्षी: मागचा डावा ब्रेक पाइप, गंज. दोन्ही वेळा गाडी पास. एकेक कागद सुटा पाहिला तर काळजीचं काही नाही. दोन्ही शेजारी ठेवले, तर तो पाइप कुठं निघालाय ते स्पष्ट दिसतं.

(दृश्य: आजचा कागद. सही. निकाल: पास. शेरा: मागचा डावा ब्रेक पाइप, गंज, लक्ष ठेवावे.)

गाडी गॅरेजमध्ये परत आलीय. मालकांनी पाना घेतलाय. जी क्लिप तपासनिसांना सोडता येत नव्हती, ती त्यांनी सोडली. खालचा तुकडा पुसून त्यावर नख ओढलं. तांबूस पापुद्रा निघाला, त्याखाली आणखी एक, आणि मग एक बारीक ओला ठिपका. ब्रेक ऑइल.

बाकावर नवा पाइप वाकवून तयार आहे. तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचा, पोलाद गंजतं तसा न गंजणारा.