आक्का

नमस्कार श्रोतेहो.

आज माझ्या आक्काबद्दल बोलायचं आहे. नात्यानं ती चुलतबहीण, थोरल्या काकांची मुलगी. यंदा पावसाच्या तोंडावर ती गेली.

१८ जानेवारी १९८२. मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. लालबागच्या चाळीत राहणारे माझे वडील त्यांतलेच. थोडे दिवस उसनवारीवर निघाले. मग आमच्या चाळीतली एकेक बिऱ्हाडं पोरंबाळं कोकणात पाठवू लागली. मलाही एसटीत बसवलं, कशेडीचा घाट उतरवला आणि संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी आणून सोडलं. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. वडिलांचं काम गेलं ते गेलंच, आणि मी गावातच वाढले.

काकांकडे खाणारी तोंडं आधीच पुष्कळ. त्यात मी. आक्का तेव्हा सातवीत होती. पहिल्याच रात्री तिनं आपली गोधडी पसरली आणि काकीला सांगितलं, "ही माझ्याजवळ निजेल." त्यानंतर माझी वेणीफणी, माझा अभ्यास, माझं दुखणंखुपणं, सगळं तिच्याकडे. पावसाळ्यात शाळेच्या वाटेवरचा पऱ्या भरून वाहायचा. साकवावरून ती माझं मनगट धरून न्यायची. इरलं एकच, ते माझ्या डोक्यावर.

मे महिन्यात रातांबे पिकले की तिचा हात थांबत नसे. फळ फोडायचं, बी आणि गर वेगळा करायचा, सालं उन्हात घालायची. मग तीच सालं रातांब्याच्या रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, पुन्हा बुडवायची. काळीभोर, मऊ होईपर्यंत हेच. तेव्हा कुठे आमसूल होतं. घाई केली की बुरशी धरते, म्हणून वळवाची सर आली की अंगणातून सूप उचलायला ती सगळ्यांच्या आधी धावायची. बिया सुकवून विकायच्या. त्या पैशांतून माझ्या वह्या यायच्या. तिची स्वतःची शाळा मात्र सातवीनंतर सुटली. त्या घरात एक ताट वाढलं होतं ते माझं, हे मला मोठेपणी उमगलं. तिच्यासमोर विषय काढला की ती म्हणायची, "गप गो, तू शिकलीस ना?"

शिकले. शिक्षिका झाले. पहिल्या पगाराचं लुगडं तिनं लग्नाकार्यातच नेसलं, एरवी ट्रंकेत जपलं.

ती गेली तेव्हा गुरुजी म्हणाले, लग्न होऊन सासरी गेलेली चुलतबहीण, तुम्हाला सुतक नाही. त्यांचं शास्त्र त्यांच्यापाशी. मी सख्ख्या बहिणीचं पाळावं तसं सगळं पाळलं, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, माझी बहीण गेली.