बिजलीचं घमेलं

(पहाट. पत्र्याच्या तबेल्यात एकच पिवळा दिवा. पाणी ढवळल्याचा आवाज.)

मे महिना. पहाटेचे पाच. नेरळच्या बाहेर, माथेरानच्या डोंगराखाली, काकू घमेल्यावरचं गोणपाट बाजूला करतात. तासाभरापूर्वी त्यांनी यात लसूणघासाचा, म्हणजे ल्युसर्नचा, वाळलेला चुरा आणि बारीक कातरलेलं गवत भिजत घातलं होतं. आता ते दुपटीनं फुगलंय. काकू कोपरापर्यंत हात घालतात, तळ चाचपतात, कोरडा राहिलेला गोळा सापडला की बोटांनी फोडतात. रात्रीच भिजवून ठेवलं तर पहाटेची झोप वाचेल, पण या उकाड्यात रात्रभर भिजलेलं आंबतं आणि आंबलेलं घोड्याला चालत नाही. म्हणून त्या चारला उठतात.

घमेल्याची कडी वाजली की पलीकडे कान टवकारले जातात. ही बिजली. रंग कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी, कपाळावर चांदणी, डोळ्यांच्या वर दोन खोल खळगे. आयाळीत आणि भुवयांत पांढरे केस. भिंतीवरच्या खुंटीला तिचा जुना तोबरा, तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, टांगलाय. तो आता रिकामाच असतो.

“घे बाय, घे,” काकू म्हणतात.

(जवळून : बिजलीचा खालचा ओठ, घमेल्यातून उचललेला घास. चावण्याचा आवाज, बराच वेळ.)

हा आवाज नीट ऐका. फेब्रुवारीत तो असा नव्हता.

(मोबाइलवरचं चित्रण.)

हे काकूंच्या मुलानं फेब्रुवारीत मोबाइलवर टिपलंय. बिजली गवत तोंडात घेते, मान वाकडी करते, चघळते, आणि अर्धवट चावलेली हिरवी वळकटी खाली पडते. बोटाएवढी, लाळेनं ओली. पुन्हा घास, पुन्हा वळकटी. दावणीपाशी चोथ्याचा सडा पडलेला आहे. बरगड्या मोजता येतात, पाठीचा कणा वर आलाय, मागच्या पुठ्ठ्यावरचं मांस गेलंय. पुढ्यात चारा भरपूर आहे आणि घोडी उपाशी आहे.

तबेल्यात येणारा प्रत्येक जण तेव्हा एकच गोष्ट सांगत होता. वय झालं.

आमचं भांडण या दोन शब्दांशी आहे. वय झालं म्हटलं की कुणी तोंड उघडून बघत नाही.

(दिवस. पशुवैद्यक, लोखंडी चौकट, कपाळावरचा दिवा.)

घोड्याचा दात आपल्या दातासारखा एकदा येऊन थांबत नाही. हिरडीखाली त्याचा लांब साठा असतो आणि वर्षाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर तो वर सरकत राहतो. गवत चावून जेवढा झिजतो, तेवढा वर येतो. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे दात सगळीकडून सारखे झिजत नाहीत. वरच्या दाढांची बाहेरची कड गालाकडे धारदार होते, खालच्यांची आतली कड जिभेकडे. गाल सोलतो, जीभ कापते. उतारवयात तर साठाच संपत येतो. दाढा हलतात, त्यांच्यात फटी पडतात, फटींत गवत अडकून कुजतं.

डॉक्टरांनी बिजलीला गुंगीचं इंजेक्शन दिलंय. तिचं डोकं आधारावर टेकवलंय. तोंड उघडं ठेवणारी चौकट टप्प्याटप्प्यानं उघडत जाते. आता ते हात आत घालतात. सगळं बोटांनी कळतं, डोळ्यांनी थोडंच.

(कानशीचा आवाज. पांढरी पूड.)

लांब दांड्याच्या कानशीनं धारा बोथट करतात. ऐकायला अंगावर काटा येतो, पण दाताच्या या भागाला वेदना नसते. पूड पडते, पाण्याची चूळ मारून तोंड धुतात, पुन्हा कानस. घासायचं ते मोजकंच. म्हाताऱ्या दाताला झिजवायला फार काही उरलेलं नसतं. डाव्या बाजूची एक दाढ बोटानं हलते, ती काढावी लागते. काकांच्या तळहातावर ठेवलेली हीच ती दाढ. पिवळी, किडकी, मुळाशी गवताचा काळा लगदा. हे चित्र आम्ही बराच वेळ ठेवलं आहे. कितीतरी महिने घोडी हे तोंडात घेऊन चरत होती.

आणखी एक पाहा. वरच्या समोरच्या दातांतला कडेचा दात. त्यावर उभी तपकिरी खाच दिसते. ही खाच साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी उमटते, पंधराव्या वर्षी दाताच्या निम्म्यापर्यंत उतरते, विसाव्याला पूर्ण लांबीची होते. मग वरून पुसत जाते आणि पंचविशीत खालची अर्धीच उरते. हा अंदाज आहे, जन्मदाखला नव्हे. बिजलीची खालची अर्धीच उरली आहे. काका तिचं वय 20 सांगत होते. दात बघून ते गप्प झाले.

(माथेरान. लाल माती, झाडी, घोड्यांची रांग.)

बिजलीची वर्षं गेली ती इथे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 च्या मे महिन्यात हा डोंगर चढला आणि पुढे इंग्रजांनी इथे बंगले बांधले. 1907 मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर आली. मोटारी मात्र आजही दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत. 2003 मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. बिजलीच्या काळात दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंत जायचं ते पायी, रेल्वेनं, हातरिक्षानं, नाहीतर घोड्यावर. आणि बाजारात दिसणारा गॅसचा सिलिंडर, सिमेंटची गोणी, हॉटेलातली गादी? त्यातलं कितीतरी घोड्याच्या पाठीवरून आलेलं.

बिजलीनं पाठीवर माणसं वाहिली. शाळकरी मुलं, नवी जोडपी, छत्री सांभाळणाऱ्या आजी. शार्लोट लेक, पॅनोरमा पॉइंट, इको पॉइंट. काका पुढे लगाम धरून चालायचे. उन्हाळ्यात वर, पावसानं जोर धरला की खाली, असं तिचं वर्ष. जांभ्याच्या दगडांवरून चढून उतरून पुढच्या पायांचे सांधे जाड झाले. हा पाय वळवताना डॉक्टरांना लागणारा वेळ बघा. तिला आता ना खोगीर, ना रिकीब. सकाळ-संध्याकाळ मोकळ्यावर हळू चालवायचं, एवढंच. उभं राहून सांधे जास्त आखडतात.

डिसेंबर 2022 पासून वर ई-रिक्षाही धावू लागल्या. बिजलीची पुढची पिढी दस्तुरीवर गिऱ्हाईकाची वाट बघत उभी आहे.

पुन्हा घमेल्याकडे येऊ.

(टेप, वही, वजनकाटा.)

तबेल्यात घोड्याच्या मापाचा काटा कुठून आणायचा? पण शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. घेराला घेरानं गुणायचं, मग लांबीनं, आणि 11,880 नं भागायचं. मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत. मुलाच्या शाळेच्या वहीत फेब्रुवारीची नोंद आहे : घेर 155, लांबी 145, वजन 293.

घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो. खंगलेल्या बिजलीसाठी डॉक्टरांनी दोन टक्के धरले, म्हणजे जवळजवळ 6 किलो. तो एका वेळी देता येत नाही. देह एवढा मोठा, पण घोड्याचं जठर लहान असतं, 8 ते 15 लिटरचं. ते भरगच्च झालं तर घोड्याला उलटीही करता येत नाही. म्हणून दिवसाला पाच घमेली. पहाटे, नऊला, दुपारी, सूर्यास्ताला आणि शेवटचं रात्री दहाला, काकू झोपायच्या आधी.

प्रत्येक घमेल्यात मूठभर भरडलेला ओट. चिमूट चिमूट मीठ. सकाळ-संध्याकाळ थोडं गोडेतेल. तेल सुरुवातीला दोनच चमचे होतं, वाटीपर्यंत यायला तीन आठवडे लागले. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चारा आंबवून पचवणारे असंख्य सूक्ष्मजीव राहतात. खरं जेवण तेच जेवतात आणि त्यांना अचानक बदल सोसत नाही. कुठलाही नवा चारा आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवत न्यायचा.

तोबरा खुंटीला लागला तोही याचसाठी. कोरडी चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, तोंडात नीट चावली गेली नाही की अन्ननलिकेत बोळा बसतो आणि नाकातून लाळ, चारा बाहेर येतो. ओल्या चाऱ्यात तो धोका कमी. शिवाय घमेलं जमिनीवर असतं. मान खाली घालून खाणं ही घोड्याची मूळ सवय.

गव्हाच्या कोंड्याबद्दल सांगायलाच हवं, कारण म्हाताऱ्या घोड्याला कोंड्याचा मऊ लगदा द्यायचा ही पिढ्यान्‌पिढ्यांची माया आहे. काकूंच्या सासूबाईही तेच करायच्या. कोंडा चाटायला मऊ लागतो, घोडा आवडीनं खातो. पण त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी कमी. रोज कोंड्यावरच ठेवलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. हाडं ठिसूळ होतात, चेहऱ्याची हाडं फुगतात. काकूंनी कोंडा बंद नाही केला, एका मुठीवर आणला. कॅल्शियम लसूणघासातून मिळतं.

आणि ही गोणी. गाईगुरांची गोळी पेंड. शेजारच्या गोठ्यातून उसनी आणलेली, चांगल्या मनानं. गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते मानवतं, घोड्याचं हृदय त्यानं निकामी होतं. काकांनी गोणी परत नेऊन दिली.

(दुपार. दुसरा घोडा. लांब, कुरळी लव.)

हा सुलतान. बाहेर अंगाची लाही होते आहे आणि याच्या अंगावर बघा, हिवाळ्यातली लव अजून झडलेली नाही. पोटाखाली झुबके, घामानं चिकटलेले. तो दिवसभर पाणी पितो. त्यालाही सगळे म्हणायचे, म्हातारपणी केस वाढतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीचा हा विकार आहे. म्हाताऱ्या घोड्यांत तो बराच आढळतो. रक्त तपासून निदान होतं, परगोलाइड नावाचं औषध रोज आणि कायमचं द्यावं लागतं. औषधानं आजार मुळातून जात नाही, आवरतो.

(केस कापायचं यंत्र. लव घरंगळून पडते.)

ही लव उतरताना आम्ही कॅमेरा बंद केला नाही. पाऊण तास लागला. अर्धं अंग झालं तेव्हा सुलताननं पहिल्यांदा मान टाकली आणि डोळे मिटले.

याचं घमेलं वेगळं. याचे दात ठीक आहेत, पण साखर सोसत नाही. बिजलीचा ओट याला वर्ज्य, गूळही वर्ज्य. तबेल्यात येणारा पाहुणा प्रेमानं गुळाचा खडा पुढे करतो आणि काका त्याचा हात धरतात. साखरेनं याच्या खुराच्या आतले पडदे सुजतात. मग घोडा पुढचे पाय लांब टाकून, भार मागे घेऊन उभा राहतो, जसा तो मागच्या वर्षीच्या या फोटोत उभा आहे. म्हणून याचं वाळलेलं गवत तासभर पाण्यात बुडवतात. बादलीतलं पाणी पाहा, चहासारखं झालंय. गवतातली साखर त्यात उतरते. ते पाणी ओतून द्यायचं, गवत पुन्हा धुवायचं आणि ओलंच घालायचं.

नालबंद सहा आठवड्यांनी येतो. सुलतानला आता नाल ठोकत नाही, खुराची पुढची टोकं तासून देतो. काका तेवढा वेळ त्याचा पाय मांडीवर धरून बसतात आणि मधे दोन बोटं घोट्याच्या मागे टेकवतात. तिथली नाडी उडायला लागली की सूज परत आली.

वेळेत तोंड उघडून बघितलं नाही, तर न चावलेला चारा आतड्यात अडकून पोटशूळ उठतो, त्यात घोडे दगावतात. काही त्याआधीच विकले जातात.

(संध्याकाळ. डोंगरावरची शेवटची उन्हं. टेप पुन्हा.)

मुलगा बिजलीच्या छातीभोवती टेप गुंडाळतो. घेर 160. वहीत गुणाकार करतो, बोट ठेवून पुन्हा तपासतो. 312. तीन महिन्यांत 19 किलो. डॉक्टर सहा महिन्यांनी पुन्हा तोंड उघडून बघणार आहेत. तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवली आहे.

काका दावण झाडतात. गेल्या फेब्रुवारीत इथे चोथ्याचा सडा होता. आज केरसुणीखाली थोडी माती आणि घोडीची लीद येते. काका वाकतात, लीद बोटांनी फोडून बघतात. धागे आखूड आहेत. फेब्रुवारीत त्यात गवताच्या लांब लांब काड्या तशाच निघायच्या.

“चावतीय,” ते म्हणतात.

आत काकूंनी चौथं घमेलं उचललंय.

(कडीचा आवाज. बिजलीचे कान.)