पेटीतलं ऊन

[दृश्य: ब्रोकन हिलजवळचा रस्ता. कुंपणाच्या खांबावर सरडा. सकाळ.]

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या पार पश्चिमेला, कोरड्या माळावर, सकाळी असा सरडा खांबावर येऊन बसतो. अंग चपटं करून, पाठ उन्हाकडे धरून. आत्ता तो गडद दिसतोय. अंग तापलं की फिकट पडेल. फारच तापलं तर तोंड उघडून बसेल आणि मग उतरून सावलीला जाईल.

हा सेंट्रल बिअर्डेड ड्रॅगन. गळ्याखालची काटेरी कातडी फुगवली की काळी दाढी दिसते, म्हणून हे नाव. त्याच्या शरीरात ऊब तयार होत नाही. ती उन्हातून घ्यायची, पुरेशी झाली की तिथून उठायचं, असा त्याचा दिवस जातो. घरी पाळायचा तर पेटीतही त्याला हे उठणं-बसणं जमलं पाहिजे. शोभेचे दगड आणि प्लॅस्टिकची झाडं नंतर बघू.

[दृश्य: सिडनी. घराचा दिवाणखाना, भिंतीला लागून लांब पेटी.]

सिडनीत वाढणाऱ्या मराठी मुलांना हा सरडा शाळेत किंवा मित्राच्या घरी भेटतो, आणि हट्ट सुरू होतो. इथे तो पाळायला परवाना लागतो. रानातून उचलून आणायचा नाही. (भारतातून बघणाऱ्यांसाठी: आपली घोरपड पकडणं किंवा पाळणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.)

पूर्ण वाढलेला ड्रॅगन शेपटीसकट ४५ ते ६० सेंटिमीटर भरतो. त्याला किमान १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच पेटी हवी. लांबी महत्त्वाची, कारण आखूड पेटीत दिवा लावला की सगळीच पेटी तापते आणि जनावराला पळायला जागा उरत नाही.

[दृश्य: दिव्याखाली फरशीचा तुकडा. त्यावर थर्मामीटरचा सेन्सर.]

एका टोकाला उष्णतेचा दिवा, त्याखाली फरशी किंवा सपाट दगड. दगडाच्या पृष्ठभागावर ३८ ते ४२ अंश सेल्सिअस हवं, दुसऱ्या टोकाला पंचवीसच्या आसपास. दोन्हीकडे सेन्सर ठेवून मोजा. काचेला चिकटवायची गोल तबकडी दगडाचं तापमान सांगत नाही. दिव्याला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप आवरणारं यंत्र, हवंच. आतून तापणारे विजेचे दगड मात्र घेऊ नका, त्यांनी पोट भाजतं.

उष्णतेच्या दिव्याशेजारीच यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या एका प्रकारच्या अतिनील किरणांची, नळी लावायची. ही किरणं कातडीवर पडली की ड जीवनसत्त्व बनतं आणि खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. किरणं मिळाली नाहीत तर हाडं मऊ पडतात, जबडा सुजतो, पाय वाकतात. पेटी खिडकीत ठेवून भागत नाही, कारण खिडकीची काच यूव्हीबी अडवते. वरची बारीक जाळीही बरीच किरणं खाते. नळी प्रकाश देत राहते, पण यूव्हीबी हळूहळू कमी होत जातं, म्हणून साधारण वर्षाने बदलावी. रात्री सगळे दिवे बंद, लालसुद्धा. डोक्यावरच्या एका बारीक खवल्याखाली त्याला उजेड ओळखणारा तिसरा डोळा असतो. त्याला अंधार अंधारासारखाच हवा.

[दृश्य: एकाच पेटीत दोन पिल्लं. एक दुसऱ्याच्या पाठीवर.]

हे बघून कुणीही म्हणेल, काय माया आहे! पण वरच्याने उबेची जागा पटकावली आहे आणि खालच्याच्या वाट्याचं ऊन तो घेतोय. पुढे खालचा कमी खातो, खंगत जातो, कधी शेपटीचं टोक किंवा बोट गमावतो. एका पेटीत एकच ड्रॅगन ठेवा. एकटेपणाने तो झुरत नाही.

तळाला पिल्लासाठी कागद किंवा टाइल. सुटी वाळू खाण्याबरोबर पोटात जाऊन आतड्यात अडकू शकते. थंड टोकाला लपायला आडोसा. रातकिडे देताना किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. अंगावर साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, त्यामुळे हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासू नका.

जनावर आणण्याआधी पेटी काही दिवस रिकामीच चालवून आकडे स्थिर होतात का बघा. मग त्याला आत सोडा आणि सुरुवातीला उचलणं टाळा. पहिले काही दिवस नवा ड्रॅगन कमी खातो. त्यानंतरही खात नसेल, तर आधी दगडाचं तापमान मोजा. अंग पुरेसं तापल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. आकडे बरोबर असूनही तो खात नसेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या.