येळवशीला एकटं जेवायचं नसतं

बसा, बसा, मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, सतरंजीवर लई जागा आहे. वाचनालयाच्या मंडळींनी मला विषय दिलाय 'आपले सण आणि आपलं घर', आता यावर बोलायचं तर रात्र पुरायची नाही, म्हणून मी एकच सण घेतलाय, जो आठ दिवसांवर आलाय आणि ज्याच्यासाठी तुमच्यातल्या कित्येकांच्या घरी आंबिलाचं मडकं आत्ताच धुवून उन्हात पालथं घातलेलं असंल. येळवस. कॅलेंडरवर मार्गशीर्ष अमावस्या, सुट्टीच्या यादीत वेळा अमावस्या, पण आपल्या तोंडात येळवस, तर मी येळवसच म्हणणार.

समोर दोन-चार जण बदलीवर नवीन आलेले दिसायलेत, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. त्या दिवशी लातुरात बाहेर पडलात तर दुकानं बंद, रस्ते मोकळे, रिक्षा मिळंना, तुम्हाला वाटंल काय झालं की काय गावात. काही झालं नाही, सगळे शेतात गेलेत. हा सण लातूर आणि धाराशिव जिल्ह्यात, नांदेड-बीडच्या आपल्याला लागून असलेल्या भागात, सोलापूरच्या अक्कलकोट बाजूला, आणि तिकडं सीमेपलीकडं बीदर-कलबुर्गीत. बाकी महाराष्ट्राला याची खबरच नसते. पुण्यात माझ्या पोरीला ऑफिसात कुणी विचारलं की सुट्टी कशाची, तर तिला समजावून सांगता सांगता अर्धा तास गेला, आणि शेवटी ती म्हणली की बाबा, मी नुसतं डब्यात भज्जी नेऊन खायला घातली असती तर लवकर कळलं असतं.

हे सीमेपलीकडचं जरा नीट ऐका, कारण मला ते लई मोलाचं वाटतं. आपण सगळे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो, आणि १९५६ ला भाषेवर प्रांत पाडले तेव्हा बीदर-कलबुर्गी तिकडं म्हैसूर राज्यात गेलं आणि आपण मुंबई राज्यात आलो. कागद वेगळे झाले, शाळेतली भाषा वेगळी झाली, पण मार्गशीर्ष अमावस्येला दोन्हीकडची माणसं तशीच शेतात जातात. ते म्हणतात एळ्ळ अमावस्या, एळ्ळु म्हणजे कानडीत तीळ. माझी आत्या भालकीला दिलेली, तिच्या घरी कानडी आणि आमच्या घरी मराठी, पण आंबिलाची चव एकच, त्यात कुणाला प्रांत ओळखता येणार नाही.

आणि बघा, अमावस्या म्हणलं की बऱ्याच ठिकाणी लोक गाडी घ्यायची थांबतात, प्रवास टाळतात. आपल्याकडं शेतकऱ्याचे मोठे सणच अमावस्येचे. पोळा श्रावण अमावस्येला, लक्ष्मीपूजन आश्विन अमावस्येला, येळवस मार्गशीर्ष अमावस्येला. नांदेडकडच्या माळेगावची खंडोबाची जत्रा पण याच दिवसांत भरते, घोडे, गाढवं, सगळा बाजार. येळवशीची तारीख दरवर्षी हलते ते मात्र पोरांना कळत नाही, तर चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून सण अकराएक दिवस अलीकडं सरकत जातो, आणि मग अधिक महिना आला की परत पुढं जातो. २०२४ सालात तर येळवस दोनदा आली, एकदा ११ जानेवारीला आणि एकदा ३० डिसेंबरला. त्या वर्षी माझा नातू म्हणला, आजोबा हे साल सगळ्यात भारी.

आता जेवणाकडं येतो, कारण खरं तर तुम्ही त्याचीच वाट बघायलात. भज्जी. ही कांद्याची भजी नव्हे, ही भज्जी. शेतात त्या वेळी जे जे हिरवं असतं ते सगळं तिच्यात जातं, तुरीच्या शेंगा सोललेल्या, वालाच्या शेंगा, वाटाणा, ओला हरभरा मिळाला तर तो, भिजवलेले शेंगदाणे, गाजर, वांगं, मेथी, हरभऱ्याचा पाला, कांद्याची पात, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा लसणासकट, मग चिंचेच्या पाण्यात कालवलेलं बेसन, आणि मोठ्या पातेल्यात ते रटरट शिजत राहतं. हा सण याच दिवसांत का आला ते तुम्हाला हे पातेलं बघून कळतं, तूर भरलेली असते, हरभरा फुलात-घाट्यात असतो, रब्बीची ज्वारी निसवत असते, म्हणजे खरीप घरात आणि रब्बी उभी, अशी वर्षातली ही एकच वेळ की शेतकऱ्याला एक दिवस बसायला सापडतो. सोबत ज्वारीचे उंडे, बाजरीची भाकरी, धपाटे, गव्हाची खीर, शेंगापोळी. आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात कालवून आदल्या दिवशी शिजवायचं, लसूण, आलं, जिरं, मीठ, कोथिंबीर, आणि नव्या मडक्यात रात्रभर थंडीत ठेवायचं. दुपारच्या उन्हात शेतातल्या कडब्याच्या कोपीत बसून ती गार आंबील पिली की, काय सांगू, माणूस तिथंच आडवा होतो.

पण इथं मला एक बोलायचंय आणि ते पुरुष मंडळींनी ऐकावं. हे सगळं कोण करतं? दोन दिवस बायका चुलीपुढं असतात, शेंगा सोलण्यापासून ते पाटीत भरण्यापर्यंत, आणि पहाटे तीनला उठून परत भाकरी, आणि मग शेतात गेल्यावर वाढायचं पण त्यांनीच, आणि सगळ्यात शेवटी जेवायचं पण त्यांनीच. माझी माय अशीच करत आली. मला कळायला पन्नाशी उजाडली, हे सांगताना वाईट वाटतं. आता आमच्या घरी शेंगा आम्ही बापलेक सोलतो, भज्जीचं पातेलं माझ्याकडं, आणि शेतात पहिल्या पंगतीला बायका बसतात, आम्ही वाढतो. सण तुमचा दोघांचा आहे तर दमणं एकटीचं कशाला. तुम्ही यंदाच करून बघा.

शेतात गेल्यावर आधी कोप. कडब्याच्या पेंड्या एकमेकीला टेकवून केलेली खोप, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पाच पांडव, आणि लक्ष्मी. पूजा झाली, निवद दाखवला, की एकानं आंबिलाचं मडकं घ्यायचं आणि दुसऱ्यानं पाल्यानं ती उभ्या पिकावर शिंपडत शेताला फेरी घालायची, आणि मागनं सगळ्यांनी ओरडायचं 'ओलगे ओलगे सालम पलगे'. प्रत्येक गावात उच्चार वेगळा. मला लहानपणी शब्दाचा अर्थ विचारायचं सुचलं नाही, ओरडायचीच मजा होती, आणि आमचा आवाज विरला की शेजारच्या शेतातनं त्यांचा यायचा, मग वढ्यापलीकडनं, असा सगळा शिवार बोलायचा.

आता कडबा कुठून आणायचा हा प्रश्न झालाय. सोयाबीन आलं, ऊस आला, ज्वारी कमी झाली, तर लोक उसाच्या पाचटाची करतात, कुणी साड्या बांधतो, कुणी हिरवी नेट. मला त्याचं दुःख नाही. कोप कशाचीही करा. मला दुःख याचं होतं की काही ठिकाणी गाडीतनं उतरून, फोटो काढून, पार्सलचं जेवून, शेजारच्या शेतात कोण आलंय ते न बघता लोक तासाभरात परत जातात. कारण येळवशीचा खरा नियम एकच आहे आणि तो कुठं लिहिलेला नाही, बांधावरनं जाणाऱ्याला न जेवता जाऊ द्यायचं नाही. कुणीही असो. ज्याला शेत नाही तो शहरात बसून राहिला तर चूक त्याची नाही, त्याला न बोलावणाऱ्याची आहे.

मी हे असं ठासून का सांगायलोय त्याला कारण आहे. १९९३ ला ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला, किल्लारी आमच्या औसा तालुक्यातलीच, आमच्या गावात भिंती तडकल्या पण माणसं वाचली. त्या सालची येळवस जानेवारीत आली. गावात बोलायला लागले की यंदा कशाची येळवस. माय काही बोलली नाही, तिनं दुप्पट भज्जी केली आणि बैलगाडीत दोन पातेली आणि आंबिलाची मडकी घालून पत्र्याच्या शेडकडं गेली जिथं लोक राहात होते. मी गाडी हाकायला. तिथं कुणाच्याच तोंडात शब्द नव्हता, एक म्हातारा आंबील हातात घेऊन नुसता बसून राहिला, त्याला पिववंना आणि खाली पण ठेववंना. माय त्याच्या शेजारी बसली आणि तिनं आपली वाटी आधी तोंडाला लावली. मग तो पिला.

पुढं २००४ साली आमचं रान गेलं. बापाचं आजारपण, बहिणीचं लग्न, बँकेचं कर्ज, तुम्हाला नवीन नाही हे. सव्वातीन एकर, ओढ्याकडंचं. त्या वर्षी येळवस जवळ आली तसं मी म्हणलो माय, आता आपल्याला काय येळवस, घरीच गोडधोड करू. ती म्हणली, घरी येळवस होत नसते. आणि तिनं नेहमीसारखंच सगळं केलं, तेवढंच, वीस माणसाचं, आणि नेहमीसारखं पाटीत भरून दारात बसून राहिली. मला कळंना आता हिला कुठं न्यावं. नऊ-साडेनऊला ज्यानं रान घेतलं तो माणूस मोटारसायकलवर आला, त्याची बायको मागं बसलेली, आणि तो उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणला, काकू, पांडव मी हलवले नाहीत, जिथं होते तिथंच हाईत, पूजा तुमच्या हातची होऊ द्या, माझ्या घरच्यांना अजून सगळं येत नाही. मायनं पदर डोळ्याला लावला आणि त्याच्या बायकोला म्हणली, चल गं पोरी, पाटीला हात लाव.

तेव्हापासून आजवर आम्ही त्याच शेतात जातो. मालक ते, आम्ही पाहुणे, आणि माय होती तोवर पूजेला मालकीण ती, असं वीस-बावीस वर्षं चाललंय. २०१६ च्या जानेवारीत शेतात काहीच नव्हतं, हरभरा करपलेला, भज्जीच्या शेंगा बाजारातनं विकत आणल्या, आणि पुढं एप्रिलमध्ये तर मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. तरी आम्ही त्या वाळल्या रानाला फेरी घातली. शिंपडायला आंबील पण मायनं जपून केलती, पाणी विकतचं होतं.

संध्याकाळचं एक राहिलं, ते सांगतो आणि थांबतो, घड्याळाकडं कुणी बघू नका, पाचच मिनिटं. दिवस मावळला की बोळक्यात दूध उतू घालायचं, ज्या अंगाला उतू जाईल त्या दिशेनं पाऊस येणार म्हणतात, तिथं पोरं डोळे लावून बसतात. आणि अंधार पडला की हेंडगा. कडब्याची पेंडी पेटवायची आणि ती धरून शेताला पळत फेरी घालायची. अमावस्येची रात्र, आकाशात चंद्र नाही, म्हणून एका टेकाडावर उभं राहिलं की सगळ्या शिवारातले हेंडगे दिसतात, हा इकडं, तो वढ्याकडं, तो माळावर, दहा-पंधरा जाळ एकदम पळताना.

मायला शेवटी शेवटी दिवसा माणूस ओळखू यायचा नाही. पण जाळ दिसायचे. बाजेवर बसवून तिला आम्ही टेकाडावर न्यायचो आणि ती बोटानं दाखवायची, तो पाटलाच्या पट्टीतला, तो आपला, तो मळ्यातला, तो खालच्या आळीच्या पोरांचा. कुठल्या रानात कोणता जाळ ते तिला पाठ होतं. तिच्या शेवटच्या येळवशीला ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणली, वढ्यापलीकडचा दिसंना गेलाय. मी म्हणलो असंल गं, विझला असंल. ती म्हणली, विझला नाही, लागलाच नाही, उठ, भज्जी घे आणि जाऊन बघून ये.

मी आणि नातू टॉर्च घेऊन वढा ओलांडून गेलो. कोपीत म्हातारा-म्हातारी दोघंच होती, पोरगं पुण्याहून येतो येतो म्हणून आलं नव्हतं, सगळा स्वयंपाक तसाच झाकून ठेवलेला, पेंडी बांधून कोपीला टेकवलेली. म्हातारीनं आमच्याकडं बघितलं आणि पहिलं काय विचारलं असंल, तर जेवलात का. नातवानं ती पेंडी उचलली, त्या म्हाताऱ्या आजोबांनी काडी ओढली, आणि माझा नातू त्यांच्या रानाला पळत सुटला. पलीकडं टेकाडावरनं आमच्या घरचे ओरडायला लागले, ओलगे ओलगे. म्हातारा थरथरत उठून उभा राहिला आणि त्यानं उलटा आवाज दिला.