तोकी पोना: थोड्या शब्दांची भाषा कशी चालते

मित्रहो, ज्या पुण्यात संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम १९४८ साली डेक्कन कॉलेजात सुरू झाले आणि अनेक खंड निघूनही अजून ‘अ’ या अक्षरातच चालू आहे, त्या पुण्यात आज मी अशा भाषेविषयी बोलणार आहे, जिचा सगळा मूळ शब्दसंग्रह एका कागदावर मावतो. कॅनडातील सोन्या लँग यांनी ‘तोकी पोना’ ही स्वतः रचलेली भाषा २००१ साली लोकांसमोर ठेवली. २०१४ साली त्यांचे पुस्तक आले, त्यात सुमारे १२० शब्द आहेत. हौशी भाषकांनी पुढे थोडी भर घातली, पण गाभा तोच राहिला.

उच्चारात मराठी माणसाला अडण्यासारखे काही नाही. स्वर पाच, व्यंजने नऊ. महाप्राण नाहीत, ट-वर्ग नाही, आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर.

खरा अभ्यास वाक्यरचनेचा आहे. बहुतेक जण आधी शब्द पाठ करायला बसतात; मला तो क्रम पटत नाही. मराठीत ‘मांजराने उंदीर पकडला’ हे वाक्य ‘उंदीर मांजराने पकडला’ असे फिरवले तरी ‘ने’ या प्रत्ययामुळे कर्ता हरवत नाही. तोकी पोनात प्रत्ययच नाहीत. लिंग, वचन, काळ यांपैकी काहीही शब्दाच्या रूपात दिसत नाही, आणि म्हणून सगळा भार शब्दक्रमावर आणि दोन-चार निपातांवर, म्हणजे शब्दांमधले नाते दाखवणाऱ्या छोट्या शब्दांवर, पडतो. ‘यान ली मोकू ए किली’ म्हणजे माणूस फळ खातो. यातला ‘ली’ कर्ता संपल्याचे सांगतो, तर ‘ए’ पुढे कर्म येत असल्याचे. कर्ता नुसता ‘मी’ किंवा ‘सिना’, म्हणजे तू, असला की ‘ली’ गळतो. (हा ‘मी’ अर्थानेही आपलाच ‘मी’ आहे.)

विशेषण नामानंतर येते आणि आधीच्या सगळ्या शब्दसमूहाला लागते. तोमो म्हणजे वास्तू, तेलो म्हणजे पाणी किंवा कोणताही द्रव, नासा म्हणजे विचित्र. ‘तोमो तेलो’ हे न्हाणीघर झाले, तर ‘तोमो तेलो नासा’ हे विचित्र न्हाणीघर. पण ‘तोमो पी तेलो नासा’ म्हटले, की ‘पी’ पुढच्या दोन शब्दांची आधी जोडी लावतो. ‘तेलो नासा’ म्हणजे दारू, आणि न्हाणीघराचा एकदम दारूचा गुत्ता होतो!

रिक्षाला या भाषेत ठरलेला शब्द नाही. प्रवासी तिला ‘तोमो तावा लिली’, म्हणजे लहान वाहन, म्हणेल. चालक ‘तोमो पाली’, म्हणजे कामाची जागा. आणि लक्ष्मी रस्त्यावर हॉर्नने वैतागलेला पादचारी ‘इयो कालामा’, म्हणजे आवाज करणारी वस्तू. तिन्ही बरोबर आहेत, कारण वस्तूचे नाव नव्हे, तर तिच्याशी असलेला आपला संबंध इथे बोलला जातो. म्हणूनच तयार जोडशब्दांच्या याद्या घोकू नयेत, आणि ‘ली’, ‘ए’, ‘पी’ मात्र पहिल्या दिवसापासून पक्के करावेत.