आधी फोन उचला, मग पोस्ट लिहा

(व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘व्यवसायानं सोशल मीडियावर काय लिहावं’. त्यावर बोलणार आहेच. पण त्याआधी माझा एक जुना आग्रह तुमच्यापुढे मांडू द्या. तुमच्याकडे जो माणूस दिवसभर ग्राहकांचे फोन घेतो, तो तुमच्या व्यवसायातला सगळ्यात मोलाचा लेखक आहे. लोकांना काय कळत नाही, कशाची भीती वाटते, कुठे अडतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आणि त्याला लिहायला कुणी सांगत नाही! लिहिण्याचं काम बाहेरच्या एजन्सीकडे, तक्रारी ऐकण्याचं काम कोपऱ्यातल्या टेबलाकडे. महिन्याचं कंटेंट कॅलेंडर, म्हणजे कोणत्या दिवशी काय पोस्ट करायचं याचं वेळापत्रक, ठरतं त्या बैठकीला कोपऱ्यातल्या टेबलावरचं कुणीही नसतं. ही दोन टेबलं शेजारी आणा, एवढंच माझं म्हणणं आहे.

हे म्हणणं नवं नाही. थोडं मागे जाऊ. २८ ऑक्टोबर १९०६. अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्वेनिया रेलरोडच्या अखत्यारीतली एक विजेवरची गाडी पुलावर रुळांवरून घसरली आणि खाली पाण्यात पडली. पन्नासहून जास्त माणसं गेली. त्या काळी रेल्वे कंपन्यांची रीत ठरलेली होती: अपघात झाला की दार लावून घ्यायचं, बातमीदारांना जवळ फिरकू द्यायचं नाही. या कंपनीचा सल्लागार होता आयव्ही ली. मूळचा वार्ताहर. त्यानं उलटा सल्ला दिला. काय घडलंय ते आपणच लिहून वर्तमानपत्रांना देऊ, आणि बातमीदारांना आपल्याच खर्चानं घटनास्थळी नेऊ. न्यूयॉर्क टाइम्सनं ते निवेदन जसंच्या तसं छापलं. आज आपण ज्याला प्रसिद्धिपत्रक म्हणतो, त्याची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात.

आता नीट पाहा. पहिलं प्रसिद्धिपत्रक कशाबद्दल होतं? नव्या गाडीबद्दल नाही, पुरस्काराबद्दल नाही, संचालकांच्या फोटोबद्दल तर मुळीच नाही. लोकांच्या मनात त्या क्षणी जो सगळ्यात अवघड प्रश्न होता, त्याचं ते उत्तर होतं. आज आपण जी पत्रकं पाठवतो, त्यातल्या किती पत्रकांत एखाद्या प्रश्नाचं उत्तर असतं?

ली काही संत नव्हता, हेही सांगायला हवं. १९१४ मध्ये कोलोरॅडोतल्या लडलो इथे खाणकामगारांच्या संपात गोळीबार झाला, बायकामुलं मेली. त्यानंतर खाणीचे मालक असलेल्या रॉकफेलर कुटुंबाच्या बाजूनं लीनंच जी पत्रकं काढली, त्यांत युनियनच्या नेत्यांच्या कमाईचे फुगवलेले आकडे होते. ते उघडकीला आलं आणि लोक त्याला ‘पॉयझन आयव्ही’ (एका विषारी वेलीचं नाव) म्हणू लागले. माणूस तोच, लेखणी तीच. आठ वर्षांपूर्वी त्यानं बातमीदारांसाठी दार उघडलं होतं, आता खोट्यावर रंग चढवायला घेतला. म्हणून म्हणतो, जनसंपर्कात कसब दुय्यम आहे. मूळ माहिती खरी हवी.

यावरून माझाच एक अनुभव सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, नावाशी आपलं काम नाही. माझा प्रिंटर अडला. पडद्यावर एक आकडा लुकलुकतोय, बाकी काही नाही. माहितीपुस्तिकेत तो आकडा नव्हता. फोन लावला तर यंत्रानं मला एकापाठोपाठ एक बटणं दाबायला लावली आणि शेवटी संगीत ऐकवलं. म्हणून मी कंपनीच्या पानावर, त्यांच्या ताज्या पोस्टखाली प्रश्न लिहिला. ती पोस्ट होती ‘ग्राहक हेच आमचं कुटुंब’ या विषयावर. सुंदर चित्र, उत्तम छपाई, हजारो लाइक.

उत्तर लगेच आलं. वेग पाहून मला फार बरं वाटलं. ‘आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया इनबॉक्समध्ये संपर्क साधावा.’ इनबॉक्समध्ये गेलो. तिथे एक रोबो. त्यानं एक फॉर्म दिला. फॉर्मनं प्रिंटरच्या पोटाखालचा क्रमांक मागितला. प्रिंटर उलटा केला, शाई टेबलभर झाली, क्रमांक दिला. दोन दिवसांनी निरोप आला: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आम्हाला किती तारे द्याल?

तुम्ही हसताय, म्हणजे तुमच्यापैकी अनेकांनी हे भोगलंय. पण मुद्दा पुढेच आहे. त्याच पोस्टखाली मी खाली खाली वाचत गेलो. माझाच प्रश्न, तोच आकडा, कितीतरी लोकांनी विचारलेला. प्रत्येकाखाली तेच इनबॉक्सचं आमंत्रण. आणि एका अनोळखी ग्राहकानं, ज्याचा कंपनीशी काही संबंध नाही, दोन ओळींत लिहिलेलं: वायर काढा, पुढचं बटण दाबून धरा, वायर परत लावा. मी केलं. प्रिंटर चालू झाला.

मला त्या कंपनीबद्दल राग नाही, हळहळ आहे. जगातला सगळ्यात उपयोगी मजकूर त्यांच्याच पोस्टखाली पडला होता. कुणीतरी रोज तो प्रश्न वाचत होतं आणि ठरलेलं वाक्य चिकटवत होतं. ज्यानं ते वाक्य चिकटवलं, त्याला ‘कुटुंब’वाल्या पोस्टच्या बैठकीत बोलावलं असतं, तर ती पोस्ट त्या आकड्याबद्दल निघाली असती. कदाचित लाइक कमी मिळाले असते. पण लोकांनी ती जपून ठेवली असती, एकमेकांना पाठवली असती, आणि पुढचा प्रिंटर घेताना त्यांना ती आठवली असती.

काही जण तर याच्याही पुढे जातात, अडचणीच्या प्रतिक्रिया खोडूनच टाकतात. त्यांना अमेरिकी गायिका-अभिनेत्री बार्बरा स्ट्रायसँडची २००३ मधली हकिगत सांगावी. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची झीज नोंदवणाऱ्या हजारो छायाचित्रांपैकी एकात तिचं घर दिसत होतं. ते काढून टाकावं म्हणून तिनं पाच कोटी डॉलरचा दावा ठोकला. दाव्याआधी ते छायाचित्र उतरवून घेतलं गेलं होतं फक्त सहा वेळा, आणि त्यातल्या दोन वेळा तिच्याच वकिलांनी! दाव्याची बातमी झाल्यावर पुढच्या महिन्याभरात त्या संकेतस्थळाला चार लाखांहून अधिक भेटी झाल्या. दावा ती हरली, वर समोरच्याच्या वकिलांचा खर्चही तिच्यावर आला.

याच्या उलट टोकाचं उदाहरण तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे, तरी त्यातला एक तपशील मला अधोरेखित करायचाय. १९८२, शिकागो परिसर. टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड हे विष भरलं, सात जण मेले. ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सननं देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या, दहा कोटी डॉलरच्या वरचा माल. हे सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतं. पण त्यांनी लोकांसाठी फुकट फोनसेवा उघडली, याची चर्चा कमी होते. घाबरलेला माणूस जाहिरात वाचत नाही, तो विचारतो. त्याला पलीकडे माणूस हवा असतो. आमच्या कारखान्यात सायनाइड नाही, असं त्यांच्याकडून आधी पत्रकारांना सांगितलं गेलं होतं. नंतर कळलं की तपासणीसाठी थोडं वापरलं जातं. तेही त्यांनी मान्य केलं. पुढे काही आठवड्यांतच छेडछाड चटकन दिसेल अशा वेष्टनात औषध परत बाजारात आलं आणि लोकांनी ते घेतलं.

आणि २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या समुद्रातल्या तेलविहिरीच्या मंचावर स्फोट झाल्यावर, अकरा कामगार मेलेले असताना, बीपी या तेल कंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड कॅमेऱ्यासमोर म्हणाले की मला माझं आयुष्य परत हवंय. जनसंपर्काचा कितीही मोठा खर्च केला असता, तरी ते एक वाक्य पुसता आलं नसतं. कुणाचे फोन ऐकून तो माणूस तिथे आला होता, मला नेहमी प्रश्न पडतो. ज्यांची माणसं गेली त्यांचे तर नक्कीच नाहीत.

चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेतला विषय आता पळतच घ्यावा लागणार. लिहून घ्या, नंतर विचारा.

फोन घेणाऱ्याला एक वही द्या. आठवडाभर प्रत्येक प्रश्न ग्राहकाच्याच शब्दांत लिहायचा, सुधारायचा नाही. लोक गुगलवर त्याच शब्दांत शोधतात. जो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, तोच लेखाचा मथळा. उत्तर पहिल्या दोन ओळींत द्या, प्रस्तावना नको. किंमत विचारली असेल तर किंमत सांगा. ‘किमतीसाठी संपर्क करा’ वाचून बहुतेक लोक संपर्क करत नाहीत, निघून जातात. तुमची वस्तू कुणाच्या कामाची नाही, हेही लिहा. त्यानं विश्वास बसतो.

ही युक्ती जुनीच आहे. जॉन डीअर ही नांगर विकणारी कंपनी १८९५ पासून ‘द फरो’ नावाचं नियतकालिक काढतेय, शेतकऱ्यांच्या शेतातल्या अडचणींवर. फ्रान्समध्ये तीन हजारही मोटारी नव्हत्या तेव्हा, १९०० मध्ये, मिशेलिन बंधूंनी वाहनचालकांसाठी मार्गदर्शिकेच्या ३५ हजार प्रती फुकट वाटल्या: चाक कसं बदलायचं, दुरुस्ती कुठे होईल, मुक्काम कुठे करायचा. त्यांना टायर विकायचे होते आणि त्यांनी प्रवासातल्या प्रश्नांची उत्तरं दिली.

हा मजकूर ठेवायचा कुठे? स्वतःच्या संकेतस्थळावर. सोशल मीडिया फक्त तिकडे वळवण्यासाठी. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, छोट्या व्हिडिओंचं वाइन (Vine) २०१७ मध्ये, गुगल प्लस २०१९ मध्ये. फेसबुकनं २०१८ च्या सुरुवातीला मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट वर आणल्या आणि व्यवसायांच्या पानांचा रीच, म्हणजे पोस्ट किती लोकांपर्यंत पोचते तो आकडा, घसरला. ज्यांच्याकडे ग्राहकांनी स्वखुशीनं दिलेल्या ईमेलची यादी होती, ते तरले. ती यादी आजपासून सुरू करा. विकत घेऊ नका.

पत्रकारांना पत्रक पाठवाल तर एका पानाचं, आणि खाली अशा माणसाचा नंबर जो खरोखर फोन उचलतो. काही बिघडलं तर पहिल्या तासात तीन गोष्टी सांगा: काय माहीत आहे, काय अजून माहीत नाही, पुढची माहिती किती वाजता देणार. आणि ती वेळ पाळा. बोलणारा माणूस आजच ठरवून ठेवा, त्या दिवशी ठरवायला वेळ नसतो. खोटी परीक्षणं लिहून घेऊ नका. अमेरिकेत तर २०२४ पासून त्यावर थेट नियम आहे, पण नियम नसला तरी नका. पैसे देऊन कुणाकडून शिफारस करून घेतली असेल तर ते पोस्टमध्येच स्पष्ट लिहा.

राहिलं मोजायचं काय ते. लाइक मोजू नका, ते विकतही मिळतात. वहीतला एक प्रश्न घ्या, त्याचं उत्तर प्रसिद्ध करा आणि महिन्याभरानं पाहा, त्या प्रश्नाचे फोन कमी झाले का. झाले असतील तर पुढचा प्रश्न घ्या. झाले नसतील तर उत्तर अजून नीट लिहिलं गेलेलं नाही, किंवा लोकांना ते सापडत नाहीये. फोन घेणाऱ्याला शेजारी बसवा आणि पुन्हा लिहा.