पिक्चर कसा आहे?

(दृश्य: मुंबई, लॅमिंग्टन रोड. मिनर्व्हा टॉकीज जिथे होतं त्या जागेसमोरची संध्याकाळची वर्दळ.)

१५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ लागला आणि पहिल्या काही दिवसांतच धंद्यातल्या जाणकारांनी तो पडला म्हणून जाहीर करून टाकलं. खर्च तीन कोटींच्या घरात, लांबी तीन तासांच्या वर, आणि थिएटरात प्रेक्षक चिडीचूप. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. निर्मात्याच्या गोटात घबराट उडाली. शेवट बदलू या, जयला जिवंत ठेवू या, इथवर बोलणी गेली.

वरळीच्या गीता टॉकीजच्या मालकाला मात्र चिंता नव्हती. त्याने म्हणे दिग्दर्शक रमेश सिप्पींना सांगितलं, तुमचा पिक्चर चालणार. कशावरून? तर इंटरव्हलला माझी थंड पेयं आणि आइस्क्रीम खपेनाशी झालीत. लोक खुर्चीतून उठतच नाहीत.

पिक्चरवर मत देणाऱ्यांमध्ये हा माणूस मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. त्याने पडद्याकडे कमी आणि बघणाऱ्यांकडे जास्त पाहिलं होतं.

ते गप्प बसलेले लोक घरी गेले, चाळीत गेले, कारखान्यात गेले, आणि बोलायला लागले. तोंडी प्रसिद्धी म्हणतात ती हीच. गब्बरचे संवाद तोंडातोंडी झाले, इतके की पुढे संवादांची रेकॉर्ड निघाली आणि तीही खपली. मिनर्व्हातून ‘शोले’ पाच वर्षं हलला नाही. पण गल्ल्यावर गर्दी वळेपर्यंत जो अवधी लागला, तो त्याला मिळाला होता. ही गोष्ट ध्यानात असू द्या.

त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ आला. मोठा नट नाही, पैसा नाही, जाहिरातही बेताची. हा चालवला बायकांनी. शुक्रवारचा उपास धरणाऱ्या एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने वाड्यातल्या सगळ्यांना. चपला बाहेर काढून थिएटरात शिरणाऱ्या, पडद्यावर देवी आली की हात जोडणाऱ्या, नाणी उधळणाऱ्या या प्रेक्षकांकडे वर्तमानपत्रातल्या समीक्षकांचं लक्ष उशिरा गेलं. तोवर पिक्चर देशभर पसरला होता.

हे काही तेव्हाच सुरू झालं असं नाही. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली मुंबईच्या सेंट्रल टॉकीजमध्ये लागला तो ५७ आठवडे चालला. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली, पण सेंट्रलबाहेरच्या रांगेला व्हेनिसशी काही देणंघेणं नव्हतं. बघून आलेला शेजारी सांगत होता, तेवढं पुरे होतं.

(दृश्य: जुन्या मासिकांचे पिवळे पडलेले अंक. वाचकांच्या पत्रांचं पान.)

बोलण्याची हौस छापून यायला लागली ती मासिकांमुळे. बाबूराव पटेलांचं ‘फिल्मइंडिया’ १९३५ चं. इंग्रजीतलं, पण चालवणारा मराठी माणूस. त्यातलं वाचकांच्या प्रश्नांचं सदर लोक आधी उघडत. कुठल्या कुठल्या गावांतून पत्रं यायची: अमकी नटी चांगली की तमकी, हा पिक्चर पाहावा की पैसे वाचवावेत. बाबूराव उत्तर द्यायचे ते बोचरं, कधी कधी सरळ अपमान करणारं. तरी पत्रं थांबली नाहीत. शिव्या खाऊन का होईना, आपलं म्हणणं कुणीतरी वाचलं याचं अप्रूप असणार. मराठीत हीच चटक नाशिकहून निघणाऱ्या ‘रसरंग’ने लावली.

(दृश्य: पुणे, लॉ कॉलेज रोड. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं आवार. डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या जवळून.)

आता थोडी वेगळी मंडळी. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्त यांनी १९४७ मध्ये कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली. १९५९ मध्ये देशातल्या सोसायट्यांचा महासंघ झाला. मुंबईतलं प्रभात चित्र मंडळ १९६८ चं. वर्गणी भरायची, सभासद व्हायचं आणि टॉकीजमध्ये कधीच न लागणारे सिनेमे बघायचे.

सोसायट्यांना परदेशी सिनेमे सेन्सॉरची कात्री न लावता दाखवता यायचे. सत्तरच्या दशकात कित्येकांनी वर्गणी भरली ती याच एका कारणासाठी. जुने सभासद हे हसत हसत कबूल करतात. मोठ्या आशेने आलेल्या माणसाला बरेचदा दोन तास पोलंडमधलं धुकं आणि चिखल बघावा लागायचा. काही जण पुन्हा फिरकले नाहीत. काही त्या चिखलात कायमचे रुतले आणि पुढे त्यांनीच सोसायटी चालवली.

सिनेमा संपला की चर्चा. एक जण म्हणणार, कंटाळवाणा आहे. दुसरा विचारणार, कुठे कंटाळलास? झालं, आता उत्तर देणं भाग. ती बाई विहिरीकडे चालत जाते, तिथे? की नंतरच्या जेवणाच्या प्रसंगात? बोट ठेवायचं म्हटलं की माणूस अडखळतो, आठवून बघतो, आणि एखादे वेळी तिथल्या तिथे मत बदलतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादुर हेच शिकवायचे. ‘पथेर पांचाली’ घ्यायचा, तो थांबवत थांबवत, दृश्यामागून दृश्य उलगडत न्यायचा. आवडलं, नाही आवडलं, हे नंतर. आधी काय दिसलं ते सांगा.

हे शहरातल्या शिकलेल्यांचं वेड, असं कुणी म्हणेल. त्याने कर्नाटकातल्या हेग्गोडुची माहिती घ्यावी. सुपारीच्या बागांमधलं छोटं गाव. तिथे के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम या नाट्यसंस्थेने फिल्म सोसायटी चालवली. चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर पुण्याहून रिळं पाठवायचे. बागेत राबणाऱ्या माणसांनी तिथे ‘बायसिकल थीव्ज’ पाहिला, त्यावर ते बोलले. सायकल चोरीला गेली की रोजगार जातो, हे त्यांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

(दृश्य: मल्टिप्लेक्सचा सरकता जिना. नऊवारी नेसलेल्या, गॉगल लावलेल्या बायकांचा घोळका वर येतोय.)

३० जून २०२३. केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ लागला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, एवढीच गोष्ट. नायक म्हणावा असा कुणी नाही. आणि पहिल्या आठवड्यातच थिएटरवाल्यांना समजेना की ही गर्दी आली कुठून.

गर्दी भिशीतून आली होती. हाउसिंग सोसायटीच्या महिला मंडळातून, शाळेच्या जुन्या वर्गमैत्रिणींच्या ग्रुपमधून. एकीने बघायचा, घरी येऊन सांगायचं, आणि मग पंधरा जणींची तिकिटं काढायची. त्यात ती पहिली पुन्हा असायचीच. ‘मी पाहिलाय, पण तुमच्याबरोबर परत येते.’ याच्यापुढे पाच तारे काय आणि साडेचार काय! स्वतःचे पैसे आणि दुपार दुसऱ्यांदा खर्च करून केलेली शिफारस आहे ती. शेवटच्या गाण्याला उठून नाचायचं, मग खाली उतरून एकत्र फोटो, तो फोटो ग्रुपवर. फोटो बघून पुढचा ग्रुप तयार.

‘सैराट’चंही २०१६ मध्ये असंच झालं होतं, फक्त वय वेगळं आणि जोर दांडगा. साताऱ्याजवळ रहिमतपूरला मध्यरात्री १२ आणि पहाटे ३ चे खेळ लावावे लागले. पहाटे तीनला पिक्चर बघायला जाणारा माणूस परीक्षण वाचून निघालेला नसतो.

मग आमचं, म्हणजे मराठी सिनेमाचं, गाडं अडतं कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी, आणि त्यातलं पहिलं आपलं आपणच करून ठेवलेलं आहे.

मराठी सिनेमाची शिफारस आपण कर्तव्य म्हणून करतो. ‘आपला सिनेमा आहे, बघायलाच हवा.’ ‘सहकुटुंब पाहावा असा.’ ‘आवर्जून पाहा.’ प्रीमियरला बोलावलेले पाहुणे हे लिहितात, त्यांचे मित्र ते पुढे ढकलतात. बिचारा प्रेक्षक जातो, तीनशे रुपये घालवतो, जांभया देत परततो. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा खरोखर चांगला सिनेमा येतो तेव्हा त्याच्यासाठी वापरायला शब्द शिल्लक नसतात, सगळे आधीच फुकट गेलेले. त्यापेक्षा ऑफिसातला तो कुरकुऱ्या बरा, ज्याला वर्षातून एखादा सिनेमा आवडतो. तो बरा म्हणाला की लोक तिकीट काढतात.

दुसरी अडचण वेळेची. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं. त्यावर गदारोळ झाला, आणि प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं ठरलं. पण मंगळवारी दुपारी बाराला नोकरदार माणूस कुठून येणार? खुर्च्या रिकाम्या राहतात, आकडा पडतो, आणि पुढच्या शुक्रवारी तो पडदा दुसऱ्याच पिक्चरला जातो. आज ‘शोले’सारखी वाट बघायची म्हटली तर शुक्रवार ते सोमवार, एवढ्यात काय ते उरकायचं. तोंडी प्रसिद्धीला हा वेळ पुरत नाही. रविवारी बघून आलेला माणूस सोमवारी डब्याच्या वेळी सांगतो, ऐकणारा शनिवारचा बेत करतो, आणि शनिवारी ॲप उघडून बघतो तर एकच शो, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला, सकाळी सव्वानऊचा.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी यातून कधीच वाट काढली आहे. तिथे आधी माणसं मोजायची, मग थिएटर ठरवायचं, रविवारी सकाळी एकच खेळ. पसंतीची वाट बघत बसण्याइतके शो तिथे नसतातच.

(दृश्य: लोकलचा डबा. मोबाइलच्या पडद्यावर टाइप करणारी बोटं.)

इथल्या चतुर चाहत्यांनीही आता ती रीत उचलली आहे. नुसतं ‘मस्त आहे, बघा’ लिहून ते थांबत नाहीत. कुणाला आवडेल, कुणाला नाही, ते सांगतात. पहिला अर्धा तास सोसा म्हणतात. मध्यांतरानंतर घसरतो, हेही लपवत नाहीत. गोष्ट फोडत नाहीत. आणि सोमवारी रात्रीच, पुढच्या आठवड्याचे शो ठरायच्या आत, ग्रुपवर निरोप पडतो: ‘बुधवार, दुपारी साडेतीन. वीस जणी झाल्या तर आपल्या जवळच्या थिएटरला शो लावतो म्हणालाय मॅनेजर. तेरा झाल्या. पैसे आजच टाका, नंतर कुरकुर चालणार नाही.’